तुकड्या पाडण्याचं काम

(स्नेहमेळाव्यातल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिकेसाठी थोडा आवरून लिहिला आहे.)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू सॉफ्टवेअरवाली. 'माझं काम' या विषयावर वीस मिनिटं बोल, आणि आम्हाला कळेल असं बोल." यातली दुसरी अट अवघड आहे. बावीस वर्षं नोकरी करतेय, पण मी नक्की काय करते ते माझ्या आईला अजून कळलेलं नाही. कोणी विचारलं की ती सांगते, "ती कॉम्प्युटरमध्ये असते." जणू मी आतच बसून असते!

तर आज एका वाक्यात सांगते. मी तुकड्या पाडते. एखाद्या कंपनीचे लाखभर ग्राहक असतात. त्या सगळ्यांना एकच जाहिरात पाठवणं महागही पडतं आणि लोक वैतागतातही. म्हणून कोणाला काय पाठवायचं, कोणाला काहीच पाठवायचं नाही, हे ठरवण्यासाठी ग्राहकांचे गट पाडतात. ते गट पाडणारं सॉफ्टवेअर मी आणि माझ्यासारखे लोक लिहितात. तुमच्या फोनवर दिवाळीत आलेली ऑफर तुमच्या शेजाऱ्याला का आली नाही, त्याचं उत्तर अशाच एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये असतं.

हे काम मी इंजिनिअरिंगला सांगलीला गेल्यावर शिकले असं मला बरीच वर्षं वाटायचं. खरं तर ते मी इथेच, आपल्या बाजारात शिकले. तुमच्यापैकी अनेकांना आमचं चपलांचं दुकान आठवत असेल. बाबा गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघायचे नाहीत, पायाकडे बघायचे. टाच भेगाळलेली आहे की मऊ, बूट धुळीने माखलेला आहे की गाडीतून नुकताच उतरलेला आहे. मग बाहेर उभ्या गाडीची नंबर प्लेट. जीजे असेल तर अख्खं कुटुंब आहे, सहा जोड जातील. एमएच-बारा असेल तर पुण्याचे, भाव करतील आणि उद्या येतो म्हणतील. पुणेकर सुनांनी आणि जावयांनी माफ करावं! हिवाळ्यात नवं जोडपं आलं की आधी तिच्या मापाची चप्पल काढायची. शाळेची सहल आली की महागडा माल आत ठेवून पुढे किचेन लावायच्या. स्ट्रॉबेरीवाले, चणेवाले, वेण्णा तलावावरचे घोडेवाले, सगळे हेच करत होते. पावसाळ्यात गाव रिकामं झालं की बाबा म्हणायचे, "आता फक्त एकच गट उरला, उधारीवाल्यांचा."

बाबा जे डोळ्यांनी करायचे, ते लाख माणसांसाठी करायचं म्हणजे आकडे लागतात. बाजाराचे असे भाग पाडून प्रत्येकाकडे वेगळं बघावं, ही कल्पना वेंडेल स्मिथ नावाच्या अमेरिकन माणसाने १९५६ साली एका लेखात नीट मांडली. आपल्याकडे बाजार-संशोधन करणाऱ्यांनी घरांचीच प्रतवारी ठरवली. २०११ पासून जी पद्धत रूढ झाली, तिच्यात दोनच प्रश्न होते. घरातल्या मुख्य कमावत्या माणसाचं शिक्षण किती, आणि ठरलेल्या अकरा गोष्टींपैकी घरात किती आहेत. वीज, पंखा, गॅस, दुचाकी, रंगीत टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन, कॉम्प्युटर, चारचाकी, एसी आणि अकरावी शेतजमीन. त्यावरून ए-वन ते ई-थ्री अशा बारा पायऱ्या. म्हणजे आपली अर्धी बॅच दुचाकीपेक्षा जमिनीवर वर चढली असणार. अलीकडे आलेल्या नव्या पद्धतीत वस्तूंची यादी गेली. आता मुख्य कमावत्याचा व्यवसाय, घरातल्या सर्वांत शिकलेल्या पुरुषाचं शिक्षण आणि घरातल्या सर्वांत शिकलेल्या बाईचं शिक्षण, या तीन गोष्टी बघतात. तिसरी गोष्ट मी मुद्दाम सांगते आहे. समोर बसलेल्या आपल्या बाईंनी आमच्या पालकांना घरी जाऊन समजावलं होतं, "मुलीची शाळा सोडवू नका." त्याची किंमत आता बाजारालाही कळली म्हणायची.

आता सॉफ्टवेअर काय करतं ते सांगते. सगळ्यात जुनी आणि अजूनही उपयोगी रीत तीन प्रश्नांची आहे. ग्राहक शेवटचा कधी आला? किती वेळा आला? एकूण किती खर्च केला? प्रत्येक प्रश्नाला एक ते पाच गुण. तिन्हींत पाच मिळाले तर तो तुमचा लाडका ग्राहक. एक-एक-एक म्हणजे तो केव्हाच विसरलेला. असे एकूण १२५ कप्पे होतात आणि प्रत्येक ग्राहक एका कप्प्यात पडतो. पोस्टाने कॅटलॉग पाठवून माल विकणाऱ्या कंपन्या ही रीत कॉम्प्युटर घरोघरी येण्याआधीपासून वापरत होत्या, कारण प्रत्येक कॅटलॉगला छपाई आणि टपालखर्च लागायचा.

दुसरी रीत जरा मजेची आहे. समजा आपण सगळे शाळेच्या मैदानावर विखरून उभे आहोत. उभं कुठे राहायचं ते ठरलेलं आहे. जो जास्त वेळा आला तो फळ्याच्या भिंतीकडे, ज्याने जास्त खर्च केला तो गेटकडे. आता तिघांच्या हातात झेंडे देऊन त्यांना कुठेही उभं करा. शिट्टी वाजली की प्रत्येकाने जवळच्या झेंड्याचा गट धरायचा. मग झेंडेवाल्याने आपल्या गटाच्या बरोबर मध्यावर सरकायचं. तो सरकला की काहींना दुसरा झेंडा जवळ वाटतो, ते गट बदलतात. पुन्हा शिट्टी, पुन्हा झेंडे मध्यावर. असं करता करता एक वेळ अशी येते की कोणीच हलत नाही. झाले तीन गट. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट लॉइड यांनी १९५७ मध्ये ही रीत वेगळ्याच कामासाठी शोधली होती. 'के-मीन्स' हे तिचं नाव १९६७ मध्ये जेम्स मॅक्वीन यांच्या लेखातून आलं. आजही जगभर रोज हीच वापरतात.

यात दोन गोमा आहेत. पहिली, झेंडे किती द्यायचे ते सॉफ्टवेअरला माहीत नसतं. तीन दिले तर तीन गट, सात दिले तर सात. आकडा निवडायला मदत करणाऱ्या रीती आहेत, पण शेवटी ते माणूस ठरवतो, म्हणजे बऱ्याचदा मीटिंगमधला सगळ्यात मोठ्या आवाजाचा माणूस ठरवतो. दुसरी गोम अंतराची. खर्च हजारांत मोजतात आणि फेऱ्या दोन-चार असतात. तसंच मोजलं तर आपलं मैदान एका बाजूने दहा मैल लांब आणि दुसऱ्या बाजूने चार पावलं रुंद होईल, आणि गट फक्त पैशावर पडतील. शिवाय जो जास्त रात्री राहतो त्याचा खर्चही जास्त असतो, म्हणजे एकच गोष्ट दोनदा मोजली जाते. इथे आपल्याच देशाचे प्राध्यापक प्रशांतचंद्र महालनोबिस मदतीला येतात. त्यांनी १९३१ मध्ये कोलकात्यात भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली आणि १९३६ मध्ये असं अंतर मोजण्याची रीत मांडली, की मापांची एककं वेगळी असली किंवा मापं एकमेकांत गुंतलेली असली तरी हिशोब बिघडत नाही. हिंजवडीत बसून मी कीबोर्डवर त्यांचं नाव टाइप करते तेव्हा दर वेळी बरं वाटतं.

आता माझ्या चुका सांगते. गणितातली चूक नव्हती, म्हणून त्या जास्त महाग पडल्या.

थंड हवेच्या ठिकाणी हॉटेलं असलेल्या एका कंपनीसाठी मी ही गटवारी केली होती. पहिल्याच यादीत सर्वांत वर एक गृहस्थ आले. पाच-पाच-पाच गुण. एकाच हिवाळ्यात त्यांनी बेचाळीस वेळा हनिमून पॅकेज घेतलं होतं. यादी कोणी डोळ्यांखालून घातली नाही. सॉफ्टवेअरने त्यांना मेसेज पाठवला, "तुमच्या खास व्यक्तीबरोबर ते गोड क्षण पुन्हा एकदा!" ते गृहस्थ टॅक्सी चालवायचे. गिऱ्हाइकांच्या खोल्या स्वतःच्या नंबरवरून बुक करून द्यायचे. मेसेज त्यांच्या बायकोने वाचला. पुढचं मी सांगत नाही, पण हॉटेलच्या मॅनेजरना घरी फोन करून खुलासा करावा लागला. इथला शेंबडा पोरगाही सांगू शकला असता की बेचाळीस खोल्या बुक करणारा माणूस टॅक्सीवाला असणार. मी याच गावात वाढले आणि माझ्याच हे लक्षात आलं नाही, कारण मी माणूस बघत नव्हते, रकाना बघत होते.

दुसरी चूक हसण्यासारखी नाही. त्याच कामात एक गट होता. वर्षानुवर्षं नेमाने येणारे, आणि मग अचानक थांबलेले. आम्ही त्या गटाला नाव दिलं 'सुटलेले'. नियम केला की सुटलेल्यांवर खर्च करायचा नाही. त्यांना मेसेज नाही, सवलत नाही, फोन नाही. दोन वर्षांनी आढावा घेतला. सुटलेल्यांपैकी जवळपास कोणीच परत आलं नव्हतं. मीटिंगमध्ये कौतुक झालं, सॉफ्टवेअरने बरोबर ओळखलं म्हणून. मीही खूश होते. बाहेर पडताना आमच्या टीममधली नवी मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, पण आपण त्यांना बोलावलंच कुठे?"

मी त्या रात्री झोपले नाही. तिचं बरोबर होतं. आम्ही भाकीत केलं होतं आणि आम्हीच ते खरं करून दाखवलं होतं.

यावर उपाय पुस्तकात आहे आणि सोपा आहे, फक्त घाईत कोणी करत नाही. प्रत्येक गटातले काही लोक चिठ्ठ्या टाकून बाजूला काढायचे आणि त्यांना गटापेक्षा वेगळी वागणूक द्यायची. मग दोन्हींची तुलना करायची. आम्ही सुटलेल्यांपैकी काहींना साधा मेसेज पाठवला, ऑफर नाही, फक्त विचारपूस. त्यांतल्या काहींनी फोन केले. कोणी म्हणालं, मुलगा दहावीला आहे. कोणाची आई अंथरुणाला खिळली होती. एकांची बदली झाली होती, ते म्हणाले, सुट्टी मिळाली की येतो. आणि ते आलेही. हे लोक सुटलेले नव्हते, अडकलेले होते. आमच्याकडे त्यासाठी रकानाच नव्हता.

इथे मला आपली नववी आठवते. आठवीच्या वार्षिक परीक्षेच्या गुणांवर आपल्या दोन तुकड्या पाडल्या होत्या. अ आणि ब. मी ब मध्ये गेले, कारण परीक्षेच्या वेळी मला कावीळ झाली होती. माझ्या बाकावरची मैत्रीणही ब मध्ये गेली. ती आज इथे बसली आहे. परवा तिला फोन करून विचारलं, "तुझी गोष्ट सांगू का?" ती म्हणाली, "सांग, पण नाव घेऊ नको आणि कोणाला रडवू नको." तेव्हा तिच्या परवानगीने सांगते. परीक्षा एप्रिलमध्ये होती, शेतात स्ट्रॉबेरीची शेवटची तोडणी चालू होती, आई आजारी होती, आणि ती पहाटे चारला उठून पेट्या भरून मग पेपरला यायची.

गुणपत्रिकेत ना माझी कावीळ होती, ना तिच्या पेट्या. माझे बाबा दुकान बंद करून शाळेत आले, बाईंशी बोलले. बाईंनी सहामाहीनंतर माझी पुन्हा परीक्षा घेतली आणि मला अ मध्ये घेतलं. तिच्यासाठी कोणी आलं नाही. तिचे वडील शाळेच्या ऑफिसात यायला बिचकायचे. गणिताचे जादा तास अ ला होते. ब चा निकाल कमी लागला. सगळे म्हणाले, ब चा निकाल कमी लागणारच. ती दहावी झाली आणि थांबली. मी पुढे गेले.

मी हे तक्रार म्हणून सांगत नाही. एकेका वर्गात साठ मुलं, गणिताला एकच शिक्षक, तास मोजके. ते तास कुठे द्यायचे हा प्रश्न खराच होता, आणि कंपनीचा प्रश्नही हाच असतो. गट पाडल्याशिवाय चालत नाही. पण जो सर्वांत खालच्या गटात पडेल त्याचं पुढे काय होणार, हे गट पाडणाऱ्याने आधी विचारायला हवं. आणि त्या गटातून बाहेर यायचा रस्ता असा हवा, की ज्याच्यासाठी कोणी बोलायला येत नाही त्यालाही तो सापडावा. बाईंना मी मागे फोनवर हे बोलले होते. त्या म्हणाल्या, "मला तिचंही बघायला हवं होतं." बाई, तुम्ही हे म्हणालात, एवढं मोठेपण मी मीटिंगमध्ये दाखवू शकले नव्हते.

आता माझ्या मैत्रिणीचं आजचं सांगते. ती आणि तिचे यजमान स्ट्रॉबेरी करतात आणि घरातच तीन खोल्या पाहुण्यांना देतात. गेल्या हिवाळ्यात मी तिच्याकडे राहिले. सकाळी पडवीत बायका फळांची निवड करत होत्या. मोठं, एकसारखं फळ मुंबई-पुण्याच्या पनेटमध्ये, त्याखालचं रस्त्याकडेच्या स्टॉलवर, आणि अगदी लहान किंवा वेडंवाकडं फळ जॅमच्या कारखान्याला. २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या आपल्या फळाची ही रोजची प्रतवारी. मी म्हटलं, "हेच गं माझं काम." ती म्हणाली, "फळ एकदा तोडलं की बदलत नाही म्हणून हे जमतं. माणसांचं तसं कुठे?"

मग तिने पाहुण्यांची वही दाखवली. शंभर पानी, रेघांची. त्यात लिहिलं होतं: "आजोबांना पायऱ्या नकोत, खालची खोली." "जैन, कांदा-लसूण नाही." "दोघांना शांतता हवी, सहलीच्या दिवशी देऊ नये." आणि एका कुटुंबापुढे लिहिलं होतं: "मुलगा दहावीत. दोन वर्षं येणार नाहीत. निकालानंतर फोन करणे."

माझ्या सॉफ्टवेअरमध्ये जो रकाना नव्हता, तो तिच्या वहीत होता. ब तुकडीतल्या मुलीच्या वहीत.

पुण्याला परत गेल्यावर आम्ही तो रकाना घातला. नेहमीचा पाहुणा थांबला तर त्याला आधी विचारायचं, मग गट ठरवायचा. आणि गट दर तीन महिन्यांनी नव्याने पाडायचे, जुना शिक्का पुढे न्यायचा नाही.

आपल्यापैकी बरेच जण हॉटेल, स्टॉल, टॅक्सी, शेती यांत आहेत. तुम्हाला माझ्यासारख्या इंजिनिअरची गरज नाही, तरी चार गोष्टी सांगते.

एक. व्हॉट्सअॅपवर ब्रॉडकास्ट यादी करता येते, एका यादीत २५६ नंबर. पण ज्याने तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यालाच तो मेसेज जातो. ही अडचण समजू नका, ही चाळणी आहे. ज्याला तुम्ही नको आहात त्याला त्रास देऊ नका. एकच मोठी यादी न करता दोन-तीन करा. आजी-आजोबांसह येणारे, ट्रेकवाले, फक्त फळं मागवणारे.

दोन. पाहुण्याने खोलीसाठी नंबर दिला म्हणजे जाहिरातीसाठी दिला असं होत नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं, आणि २०२३ मध्ये संसदेने डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्याचा गाभा साधा आहे. माहिती कशासाठी घेतो ते सांगा, परवानगी घ्या, आणि परवानगी काढून घेणं ती देण्याइतकंच सोपं ठेवा.

तीन. मुलांचा माग काढून त्यांना जाहिराती दाखवू नका. हाच कायदा १८ वर्षांखालच्यांसाठी याला मनाई करतो. कायदा नसता तरी आपल्याला हे कळायला हवं. आपण सगळे पालक आहोत.

चार. स्वतःला नको असलेले फोन आणि मेसेज येत असतील तर १९०९ या नंबरवर नोंद करता येते. हे सांगताना मी माझ्याच पोटावर पाय देते आहे, पण आपल्या माणसांना सांगायलाच हवं.

माझं बोलणं संपत आलं. आईला मी आता सांगणार आहे, "मी तुकड्या पाडते, आणि त्या कधी मोडायच्या ते शिकते आहे." तिला कळेल असं वाटतं.

शेवटची एक विनंती. जेवणाआधी सगळ्यांचा एकत्र फोटो आहे. दहावीच्या निरोप समारंभाचा फोटो मी काल काढून पाहिला. त्यात अ तुकडी डावीकडे आहे आणि ब उजवीकडे, मध्ये वीतभर जागा सोडलेली. आजच्या फोटोत तसं नको. बाई आणि सर मध्ये बसतील. बाकीच्यांनी जिथे जागा मिळेल तिथे घुसा. मी माझ्या बाकावरच्या मैत्रिणीशेजारी उभी राहणार आहे, ती जागा तेवढी धरून ठेवा.